सोलर प्रकल्प, गावाचा वाटा आणि सीएसआरचा खरा हिशेब

सिन्नरच्या पूर्व भागात माझ्या मामांचं गाव आहे. पाऊस सह्याद्रीवर रिकामा होतो आणि इथवर येईपर्यंत ढगांत फारसं काही उरत नाही. ऊन मात्र भरपूर. म्हणून गायरानाच्या माळावर सोलर प्रकल्प यायचा ठरला आणि ग्रामसभेत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायचा खर्च, हा गावाचा हक्क आहे, तो हातात पडल्याशिवाय गाड्या आत सोडायच्या नाहीत. दुसरी बाजू म्हणाली, सीएसआर ही कंपनीची मर्जी, फार ताणलं तर तेही जाईल. त्या रात्री मामांचा फोन आला. "तू रोज कंपन्यांचे ताळेबंद वाचतोस. सांग बरं, यातलं खरं काय?"

दोघांचंही अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यापायी गावाचं नुकसान होऊ शकतं, म्हणून हा सगळा हिशेब नीट मांडतो.

सीएसआर म्हणजे काय?

सीएसआर म्हणजे कंपनीचं सामाजिक दायित्व. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये ते लिहिलेलं आहे आणि १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजोपयोगी कामावर खर्च करायचे, हा त्याचा गाभा. नफा अनुक्रमे ८, १० आणि १२ कोटी असेल तर सरासरी १० कोटी, आणि खर्च करायचे २० लाख. कोणत्या कामांवर, त्याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे: शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी, पर्यावरण, ग्रामविकास वगैरे.

हे पैसे सरकारी तिजोरीत जात नाहीत. म्हणून याला कर म्हणता येणार नाही. कुठे, कशावर खर्च करायचे ते कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. पण खर्च करायचे की नाही, हे आता त्यांच्या मर्जीवर राहिलेलं नाही. सुरुवातीची काही वर्षं "केलं नाही तर कारण सांगा" एवढंच बंधन होतं. जानेवारी २०२१ पासून ते कडक झालं. उरलेला पैसा ठरलेल्या मुदतीत वेगळ्या खात्यात किंवा सरकारने नेमलेल्या निधीत टाकावा लागतो, नाही टाकला तर दंड होतो. मर्जी म्हणणाऱ्यांचं इथे चुकतं.

मग प्रत्येक कंपनीला का लागू नाही?

मामांना मी कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, काढायला लावली. लासलगावला माल विकल्यावर पट्टीवर जो मोठा आकडा दिसतो ती उलाढाल. त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं, बियाणं, खतं, मजुरी आणि सोसायटीचं व्याज वजा केल्यावर हातात राहतो तो नफा. आणि घर, विहीर, ट्रॅक्टर यांच्या किमतीतून सगळं कर्ज वजा केल्यावर खरोखर आपलं म्हणून जे उरतं, ती निव्वळ मालमत्ता.

कायदा हे तीनच आकडे बघतो. आधीच्या आर्थिक वर्षात उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा नफा ५ कोटी. यातला एक जरी आकडा गाठला तरी कंपनी कायद्याच्या कक्षेत येते.

पण कक्षेत येणं वेगळं आणि पैसे निघणं वेगळं. २ टक्के नफ्यावर मोजायचे असतात. पट्टी कितीही मोठी असली तरी हातात शून्य राहिलं, तर शून्याचे दोन टक्के शून्यच.

पाच मेगावॉटचा हिशेब

मामांच्या गावातला प्रकल्प ५ मेगावॉटचा. आपल्याकडच्या उन्हात एक मेगावॉट वर्षाला साधारण १५ लाख युनिट वीज देतो, म्हणजे पाचाचे ७५ लाख. हा प्रकल्प ज्या सरकारी योजनेतला आहे, त्या शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत विजेचा भाव युनिटला ३ रुपयांच्या आसपास आहे. वर्षाची पट्टी झाली सव्वादोन कोटींची.

आता वजाबाकी. उभारणीला मेगावॉटमागे ४ कोटी धरू, एकूण २० कोटी. त्यातले १४ कोटी कर्जाचे आणि व्याज ९ टक्के धरलं, तर पहिल्या वर्षाचं व्याजच सव्वा कोटीच्या वर. यंत्रसामग्री २५ वर्षांत जुनी होणार, तिच्या झिजेचे दरवर्षी ८० लाख. राहिले १९ लाख. त्यातूनच राखणदार, पॅनेल धुणं, दुरुस्ती आणि विमा.

म्हणजे या प्रकल्पाची अख्खी पट्टीसुद्धा ५ कोटींच्या आत आहे. तेवढ्या एकाच प्रकल्पाची स्वतंत्र कंपनी असेल, तर तिला सीएसआर लागूच होत नाही. समजा लागू केला, तरी १९ लाखांचे दोन टक्के म्हणजे ३८ हजार रुपये. गाड्या अडवून गाव भांडणार होतं ते या रकमेसाठी.

हे ऐकून मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण कंपनी तर एवढी मोठी आहे म्हणतात, मुंबईत टॉवर आहे."

फाटकावरच्या फलकावर नाव कोणाचं?

मामांच्या त्या एका वाक्यात या धंद्यातली सगळी मेख आहे. वीजप्रकल्पांच्या धंद्यात मोठी कंपनी प्रत्येक प्रकल्पासाठी किंवा प्रकल्पांच्या गटासाठी वेगळी छोटी कंपनी काढते. बँकेचं कर्ज, जागेचा भाडेपट्टा, वीजविक्रीचा २५ वर्षांचा करार, सगळं त्या छोट्या कंपनीच्या नावावर असतं. यात बेकायदा काही नाही. एक प्रकल्प बुडाला तर बाकीचे सोबत बुडू नयेत, म्हणून बँकाही तसंच मागतात.

एका घरातल्या चार भावांचे सातबारे वेगळे असतात, तसंच हे. थोरल्याचा बंगला कितीही मोठा असो, धाकट्याच्या उताऱ्यावर सोसायटीचा बोजा असेल तर वसुली धाकट्याच्याच उताऱ्यावर बघितली जाते. सीएसआरचा कायदाही प्रत्येक कंपनी स्वतंत्रपणे मोजतो. थोरली कंपनी निकषात बसली म्हणून धाकटी आपोआप बसत नाही.

त्यामुळे फाटकावरच्या फलकावर आणि भाडेपट्ट्यावर कंपनीचं पूर्ण नाव काय आहे, ते आधी वहीत उतरवून घ्या. टोपीवरचं आणि गाडीवरचं नाव बहुतेक वेळा थोरलीचं असतं. निवेदन द्यायचं तर दोघींनाही द्या: प्रकल्पाबद्दल धाकटीला, सीएसआरबद्दल थोरलीला. थोरलीला नफा असेल तर तिचा सीएसआर धाकटीच्या प्रकल्पगावात खर्च व्हायला कायद्याची आडकाठी नाही.

सीएसआरच्या नावाखाली इतर देणी मिसळू देऊ नका

ग्रामसभेत कंपनीचे साहेब म्हणाले होते, "आम्ही गावाला सीएसआरमधून दरवर्षी पाच लाख देणार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हे फार खटकलं, कारण ते पाच लाख सीएसआरचे नव्हतेच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो तिला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षं, एकूण १५ लाख रुपये अनुदान मिळतं. ते शासनाच्या योजनेतलं आहे. कंपनीला नफा होवो न होवो, ते मिळायला हवं. साहेबांना स्वतःलाच फरक माहीत नसेल, पण गावाला माहीत असायला हवा.

भाडंही तसंच. याच योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी त्यावर ३ टक्के वाढ आहे. ५ मेगावॉटला वीसेक एकर, म्हणजे साधारण ८ हेक्टर जागा लागते. तेवढी जागा शेतकऱ्यांची असती तर पहिल्याच वर्षी १० लाख त्यांच्या खात्यात आले असते. ३८ हजार कुठे आणि १० लाख कुठे! करारात वाढीचं कलम आहे का, भाडं कोणत्या महिन्यात जमा होणार, उशीर झाला तर काय, यावर एक संध्याकाळ घालवली तर सीएसआरच्या दहा निवेदनांपेक्षा जास्त पदरात पडेल.

तिसरं देणं नुकसानभरपाईचं. ट्रकने पाइपलाइन फोडली, तारा ओढताना उभं पीक तुडवलं, तर ती भरपाई कंपनीच्या धंद्याचा खर्च आहे. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील ऊर्जा प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालत होते आणि जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतल्यावर त्यांचा मृत्यू झाला. मोबदला थकला की काय होतं हे खानदेश आणि नाशिकला वेगळं सांगायला नको. मोबदला थकवून शाळेला बाकं देणाऱ्याला दाता म्हणू नये.

हे माझं नुसतं मत नाही. इतर कायद्यांनी घातलेलं बंधन पाळण्याचा खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, असं नियमातच आहे. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम, फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्याचं काम, राजकीय पक्षाला देणगी आणि मालाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्वही त्यात धरत नाहीत.

"सूर्याची वीज हीच समाजसेवा, मग वेगळं दायित्व कशाला?"

हा प्रश्न चांगल्या मनाने विचारला जातो आणि त्यात तथ्य आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राला रोज कोळसा लागतो, राख निघते. सोलरला यातलं काही नाही. शेतकऱ्याला रात्री दोन वाजता बिबट्याच्या भीतीत पाणी भरायला जाण्याऐवजी दिवसा वीज मिळणं ही लहान गोष्ट नव्हे.

पण स्वच्छ वीज हा त्या कंपनीचा माल आहे आणि त्याचे पैसे तिला युनिटप्रमाणे मिळतात. सेंद्रिय भाजी पिकवणारा चांगलंच काम करतो, म्हणून त्याने मजुराची मजुरी ठेवावी असं आपण म्हणत नाही.

शिवाय स्वच्छ विजेच्याही पाऊलखुणा असतात. सिन्नर आणि अकोले तालुक्यांच्या सीमेवर विश्रामगडावर, म्हणजे पट्ट्यावर, जे गेले असतील त्यांनी भोवतालच्या पठारावरच्या पवनचक्क्या पाहिल्या असतील. खालून त्या नाजूक दिसतात. बुंध्याशी उभं राहिलं की पात्याची सावली अंगावरून सपकन जाते आणि प्रत्येक फेरीला "सूं" असा आवाज कानात भरतो. एवढी पाती वर चढवायला डोंगर कापून रस्ते करावे लागले. तिकडे राजस्थान आणि गुजरातमध्ये वीजवाहिन्यांना धडकून माळढोक मरतात, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आपल्या सोलापूरकडच्या नान्नजच्या माळावरून जवळपास नाहीसा झालेला हाच तो पक्षी. डिसेंबर २०२५ मध्ये त्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीत पर्यावरणाची जबाबदारीही येतेच. हरित म्हणवणाऱ्या धंद्याच्या संदर्भात हे म्हटलं गेलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि पॅनेल जुनी झाल्यावर? ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यात सोलर पॅनेलही आहेत. म्हणजे तीही कायदेशीर जबाबदारी, सीएसआरच्या बाहेरची. २५ वर्षांनी माळ मोकळा करून कोण देणार, हे भाडेपट्ट्यातच लिहून घ्यायला हवं.

मामीचा प्रश्न

हे सगळं आम्ही ओसरीवर बोलत होतो. मामी शेळ्यांना पाला टाकत होती. तिने मधेच विचारलं, "माळाला तारेचं कुंपण झालं की ह्या चरायच्या कुठं?"

मला याचं सरळ उत्तर देता आलं नाही. गायरान सरकारी जागा, ती योजनेला नाममात्र भाड्याने दिली जाते. सातबारा गावातल्या कोणाच्याच नावावर नाही म्हणून भाडं गावात कोणालाच नाही. जमीनवाल्याला नुकसान झालंच नाही, कारण त्याची जमीन गेलीच नाही. गेलं ते ज्याच्याकडे जमीन नाही त्याचं: चार शेळ्या असलेल्या बाईचं, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन उतरणाऱ्या धनगरांचं. आणि ग्रामसभेत बोलायला तेच सगळ्यात मागे.

माझ्या मते कंपनीचा सीएसआर आणि ते अनुदान, दोन्ही सगळ्यात आधी याच लोकांसाठी लागलं पाहिजे. पॅनेलखाली गवत वाढतंच आणि ते कापावंही लागतं. ते कापून गावातल्या शेळीवाल्यांना द्यायचं कंपनीने मान्य केलं, तर फारसा खर्चही नाही. चाऱ्यासाठी दुसरा पट्टा राखणं, जनावरांसाठी पाण्याचा हौद बांधणं, हे सीएसआरच्या यादीत सहज बसतं. गावाच्या प्रवेशद्वाराची कमान मात्र त्यात मागू नये, यावर मी मामांशी वाद घातला.

शाळेतली बॅटरी

वाद घालण्याचं कारण आहे. त्याच भागातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी हिशेबाच्या कामानिमित्त गेलो होतो. एका कंपनीने तिथे सीएसआरमधून सोलर संच दिलेला. कौलांवर चार पॅनेल, त्यावर धुळीचा इतका थर की बोटाने नाव लिहावं. वर्गाच्या कोपऱ्यात लाकडी कपाट, आत दोन मोठ्या बॅटऱ्या. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढलेली, आतलं पाणी आटलेलं. गुरुजी म्हणाले, "दोन वर्षं मस्त चाललं. मग बॅटरी बसली. त्यांना फोन केला, ते म्हणाले संच तुमच्या नावावर आहे." मुलं उकाड्यात बसलेली आणि डोक्यावरचा पंखा थांबलेला.

कंपनीने खोटं सांगितलं नव्हतं. २०२१ पासून नियम असा आहे की सीएसआरमधून तयार झालेली मालमत्ता कंपनी स्वतःच्या नावावर ठेवू शकत नाही. ती लाभार्थ्यांच्या, नोंदणीकृत संस्थेच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर जाते. नियमाचा हेतू चांगला. पण मालकीबरोबर देखभालही शाळेकडे आली आणि शाळेकडे बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला ना पैसे, ना माहिती. अशा बॅटऱ्यांचं आयुष्यच तीन ते पाच वर्षांचं.

यावर उपाय कायद्यातच आहे. सीएसआरचं काम एका वर्षात उरकायची सक्ती नाही. सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं ते चालू प्रकल्प म्हणून चालवता येतं. म्हणून वस्तू मागताना तीन वर्षांची देखभाल आणि गावातल्या एकाचं प्रशिक्षण त्याच प्रस्तावात मागावं. नुसत्या वस्तूला मी तरी हो म्हणणार नाही.

"पैसा आमच्याच गावात का नको?"

कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं, असं कायद्यात आहे. पण प्राधान्य म्हणजे सक्ती नव्हे, असं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाचं स्पष्टीकरण आहे. हक्क म्हणणारा तट इथे अडखळतो: अमुक गावाला अमुक रक्कम, असा दावा लावता येत नाही. मात्र हे प्राधान्य गावाच्या बोलण्याला वजन देतं. कंपनीच्या सीएसआर धोरणात "प्रकल्पालगतची गावं" असे शब्द असतील तर निवेदनात तेच शब्द उचलून लिहा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर अशा अनुसूचित क्षेत्रांत तर आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेच्या शब्दाला आणखी बळ आहे. तिथे चर्चा प्रकल्प यायच्या आधीच व्हायला हवी.

पैसे सरपंचांच्या हातात रोख येतील, ही अपेक्षाही सोडा. कंपनी काम स्वतः करते किंवा केंद्राकडे नोंदणी झालेल्या संस्थेमार्फत करून घेते. तिचा स्वतःचा प्रशासकीय खर्च एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये.

तपासायचं कुठे?

कंपनीची वेबसाइट असेल तर तिथे सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प टाकणं बंधनकारक आहे. वार्षिक अहवालाला सीएसआरचा तक्ता जोडलेला असतो: सरासरी नफा किती, दोन टक्के किती, खर्च किती, कोणत्या जिल्ह्यात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवरही कंपनीच्या नावाने शोधता येतं. गावातला बारावीचा पोरगा हे अर्ध्या तासात मोबाइलवर काढू शकतो. मामांच्या नातवाने काढलं. धाकट्या कंपनीच्या नावापुढे सीएसआर शून्य, थोरलीच्या नावापुढे चांगली रक्कम, पण नाशिक जिल्ह्यात एक रुपया नाही.

ग्रामसभा १ मे रोजी आहे. ठरावाचा मसुदा नातवाच्या वहीत मामांनी सांगून लिहून घेतला. पहिला मुद्दा अनुदानाचे १५ लाख कोणत्या तारखांना जमा होणार. दुसरा, २५ वर्षांनी पॅनेल उचलण्याची हमी लेखी द्यावी. तिसरा थोरल्या कंपनीला: जनावरांचा हौद आणि शाळेच्या नव्या बॅटऱ्या, तीन वर्षांच्या देखभालीसह. मामीने वही मागून घेतली, नातवाकडून पुन्हा वाचून घेतली आणि कुंपणाच्या आतलं गवत हा चौथा मुद्दा त्याला लिहायला लावला.